अभाव आणि आवरण : एका जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची समीक्षा



समीक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कविता येते, कादंबरी येते, नाटक येतं. एखाद्या वस्तूची समीक्षा हा प्रकार मात्र आपण जाहिरातवाल्यांच्या आणि दुकानदारांच्या हवाली करून टाकला आहे. वस्तू वापरायची असते, तिच्यावर विचार कसला करायचा, अशी एक समजूत आहे. तत्त्वज्ञानाला ही समजूत मान्य नाही. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये, पहिल्याच भागात, न्याय म्हणजे काय हा एवढा मोठा प्रश्न चाललेला असताना सॉक्रेटिस वेली छाटायच्या कोयत्याचा दाखला देतो. द्राक्षवेल कुठल्याही सुरीने छाटता येईल, पण त्याच कामासाठी घडवलेल्या कोयत्याने ती जशी छाटली जाईल तशी दुसऱ्या कशाने नाही. हे त्या वस्तूचं कार्य, आणि ते चांगलं पार पाडणं हा तिचा गुण. आपल्याकडे पाणिनीनेही करण कशाला म्हणावं हे सांगताना जवळपास हाच विचार केला: क्रिया सिद्धीला जायला जे सर्वांत जास्त उपयोगी पडतं ते करण. तेव्हा कोयत्याचं, कुऱ्हाडीचं बोलणं आमच्या धंद्यात हलकं समजत नाहीत. आज मी कॅमेऱ्याचं बोलणार आहे.

कॅमेरा आहे कॅननचा ईओएस ३००डी. ऑगस्ट २००३मध्ये जाहीर झाला. हा इथे टेबलावर ठेवला आहे, नंतर हातात घेऊन बघा. चंदेरी रंगाचं प्लॅस्टिक, बॅटरीसकट साधारण साडेसहाशे ग्रॅम वजन. अमेरिकेत ह्याचं नाव 'डिजिटल रेबेल', म्हणजे बंडखोर. जपानमध्ये ह्याच यंत्राचं नाव 'किस डिजिटल'. (हशा) एकाच वस्तूला एका देशात बंडखोर आणि दुसऱ्या देशात चुंबन म्हणायचं, ह्यावर खरं तर वेगळं व्याख्यान होईल. पण 'बंडखोर' हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. एसएलआर म्हणजे ज्या कॅमेऱ्यात तुम्ही लेन्समधूनच बघता; आत आरसा असतो, बटण दाबलं की तो वर उडतो आणि प्रकाश मागच्या पडद्यावर जातो. त्या मागच्या जागी फिल्मऐवजी इलेक्ट्रॉनिक सेन्सर बसवायचा, ही गोष्ट कोडॅकने १९९१मध्ये बाजारात आणली. निकॉनच्या एफ३ ह्या फिल्म कॅमेऱ्याची बॉडी, १.३ मेगापिक्सेल, आणि चित्रं साठवायला खांद्याला अडकवायची एक वेगळी पेटी. किंमत वीस हजार डॉलर आणि त्याहून वर. वृत्तसंस्थांशिवाय कोण घेणार? १९९९मध्ये निकॉन डी१ आला, २.७ मेगापिक्सेल, किंमत पाच हजार डॉलरच्या आसपास. पुढच्या वर्षी कॅननचा डी३०, ३.१ मेगापिक्सेल. किमती उतरत होत्या, पण सामान्य माणसाचा हात अजून पोचत नव्हता. आणि मग हा आला. ६.३ मेगापिक्सेल, नुसती बॉडी ८९९ डॉलर, लेन्ससकट ९९९. एक हजाराच्या आतला, लेन्स बदलता येणारा पहिला डिजिटल एसएलआर. ह्या एका आकड्याने फोटोग्राफीचा इतिहास वळला असं मी म्हणतो, आणि ते म्हणताना मला फार संकोच वाटत नाही.

आता ह्याचे गुण. गुणांबद्दल मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण जुन्या यंत्रांचे दोष सगळ्यांना चटकन दिसतात. दोष काढायला आजचा फोन खिशात असला की पुरे.

पहिला गुण सेन्सरचा. ह्या कॅमेऱ्यातला सेन्सर २२.७ बाय १५.१ मिलिमीटरचा आहे. त्या काळातले बाकीचे चांगले डिजिटल कॅमेरे, म्हणजे लेन्स न बदलणारे, त्यांतल्या मोठ्यांचा सेन्सर असायचा ८.८ बाय ६.६. गुणाकार करून बघा: एकीकडे सुमारे ३४३ चौरस मिलिमीटर, दुसरीकडे ५८. जवळजवळ सहापट. पावसात घागर ठेवली आणि वाटी ठेवली तर पाणी कुठे जास्त जमेल, इतकी साधी ही गोष्ट आहे. मोठा सेन्सर त्याच वेळात जास्त प्रकाश गोळा करतो. त्यामुळे संध्याकाळी, घरात, ट्यूबलाइटखाली आयएसओ ४०० किंवा ८००वर ह्याचं चित्र स्वच्छ येतं. छोट्या सेन्सरचे कॅमेरे तिथे खसखस पेरल्यासारखे ठिपके दाखवायचे. माझ्या मते आयएसओ ४००वर हा कॅमेरा त्याच वेगाच्या रंगीत फिल्मपेक्षा सफाईदार आहे. फिल्मचा कण सुंदर असतो हे मला मान्य आहे, पण सुंदर कण आणि स्वच्छता ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा गुण चामडीच्या रंगाचा. हा मोजता येत नाही, म्हणून त्याच्याबद्दल लोक एकतर काहीच बोलत नाहीत किंवा भलतंच बोलतात. मी एवढंच म्हणेन की सावळ्या चेहऱ्यावर खिडकीचा उजेड एका बाजूने पडला असेल, तर उजेडातून सावलीत जाताना ह्या कॅमेऱ्याचा रंग तुटत नाही. गालावरून कानापर्यंत तो हळूहळू उतरतो. माणसांचे फोटो काढणाऱ्याला ह्याहून जास्त काय हवं असतं?

तिसरा गुण मला तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने फार मनोरंजक वाटतो. हा कॅमेरा रॉ फाइल साठवतो. आपण नेहमी जी जेपेग फाइल बघतो ती म्हणजे शिजवलेलं अन्न. तिच्यात दर रंगाला २५६ पायऱ्या असतात, बाकीचं कॅमेऱ्याने टाकून दिलेलं असतं. रॉ म्हणजे शिधा. ह्या कॅमेऱ्याचा शिधा बारा बिटांचा आहे, म्हणजे ४,०९६ पायऱ्या. आता गंमत बघा. २००३मध्ये काढलेली एखादी रॉ फाइल आज नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर ती २००३मध्ये दिसत होती त्यापेक्षा चांगली दिसते. ठिपके कमी, रंग सुधारलेले. कॅमेरा तोच, फाइल तीच, क्षण तोच, आणि चित्र मात्र नंतर सुधारलं! निगेटिव्हवरून नवी प्रिंट काढता यायची हे खरं, पण निगेटिव्ह स्वतः दर वर्षी थोडी थोडी झिजत असते. इथे मूळ वस्तू झिजली नाही आणि ती वाचणारा शहाणा होत गेला. टीकाकार सुधारला की जुनं काव्य सुधारतं, तसंच काहीसं.

आणि सहा मेगापिक्सेल पुरतात का, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. ३०७२ बाय २०४८ ठिपके. इंचाला तीनशे ठिपके ह्या कडक हिशेबाने दहा बाय सात इंचांपर्यंतची प्रिंट. थोडं सैल केलं तर पंधरा बाय दहा. भिंतीवर लावायला ह्याहून मोठा फोटो तुमच्यापैकी किती जणांनी काढून घेतला आहे? असो.

आता मर्यादांकडे येतो, आणि इथे मला न्याय-वैशेषिकांची मदत घ्यायची आहे. आपल्या ह्या मंडळींनी अभावाचा जेवढा बारीक विचार केला तेवढा क्वचितच कोणी केला असेल. 'नाही' हा शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. ते म्हणतात, थांबा, कसलं 'नाही'? मडकं अजून घडलेलंच नाही, तर तो प्रागभाव. मडकं होतं पण फुटलं, तर तो प्रध्वंसाभाव. वाऱ्याला रंग कधी नव्हता, नाही आणि नसणार, तो अत्यंताभाव. आणि मडकं म्हणजे कापड नव्हे, हा अन्योन्याभाव. शिवाय त्यांचं एक महत्त्वाचं म्हणणं असं की अभाव कळायला आधी प्रतियोगी माहीत असावा लागतो. ज्याचा अभाव आहे ती वस्तूच ठाऊक नसेल, तर ती इथे नाही हे तुम्हाला कळणार कसं?

ह्यामुळे जुन्या यंत्रांवरची निम्मी टीका एका फटक्यात बाद होते. ३००डी व्हिडिओ घेत नाही. बरोबर. पण एसएलआर कॅमेऱ्यात व्हिडिओ पहिल्यांदा आला २००८मध्ये, निकॉन डी९०मध्ये. २००३च्या माणसाला ह्या अभावाचा प्रतियोगीच माहीत नव्हता. त्याला तो दोष म्हणून लावणं म्हणजे ज्ञानेश्वरांनी कादंबरी लिहिली नाही अशी तक्रार करणं.

पण काळाची सबब सगळीकडे चालत नाही, हेही सांगायला हवं. धुळीचं उदाहरण घ्या. आपल्या हवेत हा विषय जिव्हाळ्याचा आहे. फिल्म कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोला फिल्मचा नवा कोरा तुकडा यायचा. एका तुकड्यावर धूळ बसली तर तो एक फोटो बिघडला. डिजिटलमध्ये सगळ्या फोटोंना एकच पडदा. लेन्स बदलताना एक कण आत गेला की तो त्यानंतरच्या प्रत्येक आकाशात त्याच जागी करड्या ठिपक्यासारखा उभा. ३००डीमध्ये ह्यावर काही इलाज नाही. ब्लोअरने हवा मारायची आणि नशिबावर सोडायचं. आणि त्याच वर्षी, २००३मध्येच, ऑलिंपसच्या ई-१मध्ये धूळ झटकणारी कंपनाची व्यवस्था होती. म्हणजे प्रतियोगी माहीत होता. कॅननने ती व्यवस्था आणली २००६मध्ये, ४००डीत. तेव्हा इथे काळाच्या मागे लपता येणार नाही.

व्ह्यूफाइंडरला मी प्रध्वंसाभावात घालतो. ज्याने फिल्मचा चांगला एसएलआर डोळ्याला लावला आहे त्याने ह्याच्यातून बघावं. बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी छोटा पडदा टांगल्यासारखं वाटतं. सेन्सर फिल्मपेक्षा लहान, म्हणून चित्र लहान. त्यात भर म्हणजे काचेच्या भरीव प्रिझमऐवजी आतून आरसे लावलेली पोकळ टोपी, म्हणून उजेडही कमी. जे होतं ते गेलं. पूर्ण फिल्मएवढा सेन्सर त्या काळात होता, कॅननच्याच १डीएसमध्ये होता, २००२पासून. त्याची किंमत सुमारे आठ हजार डॉलर. मग?

त्याच लहान सेन्सरमुळे लेन्सचं कोनही बदलतं. पन्नास मिलिमीटरची लेन्स इथे ऐंशीसारखी वागते. लांबच्या पक्ष्याला बरं, लहान खोलीत भरलेल्या बारशाला वाईट. अठ्ठावीसची लेन्स, जिच्यात सगळं घर मावायचं, ती पंचेचाळीससारखी होऊन बसते. ह्यावर उपाय म्हणून कॅननने ह्या कॅमेऱ्याबरोबर १८ ते ५५ची नवी लेन्स दिली. तिचा मागचा भाग कॅमेऱ्यात जास्त आत शिरतो.

भर उन्हातल्या पांढऱ्या सदऱ्याचा प्रश्न मात्र जास्त खोल आहे. निगेटिव्ह फिल्मवर प्रकाश जास्त झाला तरी ती बरंच सहन करायची. पांढऱ्यात पांढरं काहीतरी शिल्लक राहायचं. सेन्सरचं तसं नाही. घागर भरली की भरली, वरचं पाणी वाहून गेलं. सदऱ्याच्या इस्त्रीच्या घड्या गेल्या त्या गेल्याच, कुठलंही सॉफ्टवेअर त्या परत आणत नाही. म्हणून हा कॅमेरा वापरताना जरा कमी प्रकाश घ्यायचा आणि सावल्या नंतर उजळायच्या. हे शिकायला लागतं, आणि शिकलं की येतं.

इथपर्यंत जे बोललो त्याबद्दल माझी ह्या यंत्राविषयी काही तक्रार नाही. प्लॅस्टिकची बॉडी, आरशांची टोपी, एका दमात चारच फोटो मावतील एवढी बफर मेमरी, सेकंदाला अडीच फोटो, चालू व्हायला लागणारे दोन-तीन सेकंद, हे सगळं स्वस्ताईचं आहे. आणि स्वस्ताई ही लाज वाटावी अशी गोष्ट नाही. पातळ पत्र्याचं भांडं पातळ असतं. ते हातात घेतल्याबरोबर कळतं, आणि कळून आपण घेतो. ह्या अभावांना मी प्रामाणिक अभाव म्हणतो.

आता खरा मुद्दा.

ह्याच कॅननचा १०डी नावाचा कॅमेरा त्याच वर्षी, फेब्रुवारीत आला होता. धातूची बॉडी, खरा प्रिझम, मोठा बफर, किंमत दीडपट. रेझोल्यूशन मात्र तेच, चित्राचा दर्जाही तोच. मग ३००डीमध्ये काय नव्हतं? फ्लॅशचा उजेड कमी-जास्त करायची सोय नव्हती. फोकसची पद्धत निवडायची सोय नव्हती. आयएसओ १६००च्या पुढे ३२०० नव्हता. फोटो काढण्याआधी आरसा वर उचलून ठेवायची सोय नव्हती, जी तिपाईवर संथ काम करणाऱ्याला लागते.

'नव्हती' असं मी म्हणालो. आता नैयायिकाने विचारलं पाहिजे, कसली नव्हती?

फोकसचंच घ्या. पळणाऱ्या माणसाचा पाठलाग करत फोकस बदलत ठेवायची पद्धत ह्या कॅमेऱ्यात आहे. पण ती फक्त खेळाच्या मोडमध्ये, म्हणजे चक्रीवर धावणाऱ्या माणसाचं चित्र आहे ना, तिथे मिळते. आणि त्या मोडमध्ये गेलात की एक्स्पोजर कॅमेरा ठरवणार, आयएसओ कॅमेरा ठरवणार, आणि रॉ फाइल मिळणार नाही. तुम्ही स्वतः एक्स्पोजर ठरवायला लागलात की पाठलाग बंद, मग फोकस कसा करायचा हे कॅमेरा आपल्या मनाने ठरवतो. दोन्ही क्षमता यंत्रात आहेत. दोन्ही एकाच वेळी तुम्हाला द्यायच्या नाहीत, एवढंच ठरलेलं आहे.

फ्लॅशचं उदाहरण ह्याहून बोलकं आहे. कॅननचाच मोठा फ्लॅश, ५५०ईएक्स, ह्या कॅमेऱ्यावर बसवलात आणि फ्लॅशच्या पाठीवरच्या बटणाने उजेड कमी केलात, तर कॅमेरा निमूट ऐकतो. म्हणजे त्याला ते येतं! त्याच्या स्वतःच्या छोट्या फ्लॅशसाठी तेच करायला मात्र बटण नाही, मेनूत ओळ नाही.

आणि पुढे शेवटचा पडदा उठला. एका रशियन प्रोग्रामरने टोपणनावाने ह्या कॅमेऱ्याचं फर्मवेअर, म्हणजे आतला चालक प्रोग्रॅम, बदलून मोकळा केला. तो मेमरी कार्डावरून कॅमेऱ्यात भरला की मेनूत नव्या ओळी दिसू लागायच्या. फ्लॅशचं नियंत्रण आलं. आयएसओ ३२०० आला. आरसा वर थांबू लागला. कॅमेरा उघडला नाही, त्यात नवा सुटा भाग घातला नाही, एक स्क्रूसुद्धा ढिला केला नाही. जे होतं ते दिसायला लागलं. बंडखोर म्हणून विकलेल्या कॅमेऱ्यासाठी बंड दुसऱ्या कोणाला तरी करावं लागलं. (हशा)

ह्या 'नाही'ला न्यायाच्या चार अभावांत कुठे बसवाल? हे पुढे घडायचं नव्हतं, घडलेलंच होतं. ते फुटून गेलं नव्हतं. त्याच्या स्वभावात नव्हतं असंही नाही. मला वाटतं इथे नैयायिकांना सोडून वेदान्त्यांकडे जावं लागतं. ते ह्याला अभाव म्हणणार नाहीत, आवरण म्हणतील. सूर्य गेलेला नाही, मध्ये ढग आला आहे. शिवाय वेदान्ती आवरणाचे दोन प्रकार करतात, आणि तो भेद ह्या कॅमेऱ्याला चपखल लागू पडतो. एक अभानापादक: वस्तू आहे हे मला माहीत आहे, पण ती मला दिसत नाही. दुसरं असत्त्वापादक: ती वस्तू नाहीच असं मला वाटतं. दुसरं जास्त खोल, कारण पहिल्यात शोध तरी सुरू होतो.

३००डी घेणारा माणूस कोण होता ते डोळ्यांपुढे आणा. आयुष्यात पहिल्यांदा गंभीर कॅमेरा हातात घेतलेला. घरातल्या समारंभाचे फोटो काढतो. फ्लॅशने चेहरे पिठासारखे पांढरे येतात. तो मेनू चाळतो, काही सापडत नाही. मग तो कोणता निष्कर्ष काढेल? 'कंपनीने ही सोय झाकली आहे' असा? छे. तो म्हणणार, मला जमत नाही. किंवा म्हणणार, फ्लॅशचे फोटो असेच येतात. साधनाने आपली मर्यादा वापरणाऱ्याच्या नावावर चढवली. मला ह्या कॅमेऱ्यात हीच एक गोष्ट सलते, आणि ती ठिपक्यांपेक्षा, धुळीपेक्षा, अंधाऱ्या व्ह्यूफाइंडरपेक्षा जास्त सलते. साधन शिकवतं. वाईट साधन निदान आपण वाईट आहोत हे शिकवतं. झाकलेलं साधन शिकणाऱ्याला त्याच्या स्वतःबद्दल खोटं शिकवतं.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं मांडायला हवं, नाहीतर ही समीक्षा व्हायची नाही. अर्थशास्त्राचा माणूस म्हणेल, प्रोफेसर, तुम्ही भाबडे आहात. १०डी जास्त किमतीला विकला जातो म्हणून ३००डी स्वस्तात विकता येतो. दोन्हींत सगळं सारखं दिलं तर १०डी कोण घेईल? मग स्वस्त कॅमेरा निघणारच नाही, आणि तुमचा तो पहिल्यांदा कॅमेरा घेणारा माणूस कॅमेऱ्याविनाच राहील. ह्यात तथ्य आहे. ही पद्धतही जुनी आहे. १९९०च्या सुमारास आयबीएमने एक स्वस्त लेझर प्रिंटर काढला, तो मिनिटाला दहाऐवजी पाच पानं छापायचा. आतलं यंत्र तेच, त्याला मुद्दाम थांबायला लावणारी भर घातलेली. म्हणजे हळू चालवायला वरून खर्च!

आणि त्याच्याही फार आधी, १८४९मध्ये, झ्यूल द्युपुई नावाच्या फ्रेंच अभियंत्याने आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाबद्दल लिहिलं होतं. त्या डब्यांना छप्पर नसायचं, बाकं लाकडी असायची. तो म्हणतो, छपराला लागतात थोडे पैसे, त्यासाठी कंपनी हे करत नाही. दुसऱ्या वर्गाचं भाडं ज्यांना परवडतं त्यांनी तिसऱ्यात बसू नये म्हणून हे चाललं आहे. गरिबाला त्रास द्यायची इच्छा कोणाला नाही. श्रीमंताला धाक दाखवायचा आहे, आणि त्यासाठी भिजतो गरीब. आपल्याकडच्या तिसऱ्या वर्गाने प्रवास केलेले इथे पुष्कळ जण आहेत, तुम्हाला जास्त सांगायला नको.

माझं अर्थशास्त्र्याला उत्तर असं. वर्ग ठेवा. दोन किमतींना माझी हरकत नाही. १०डीला धातू द्या, प्रिझम द्या, नऊ फोटोंचा बफर द्या. ह्याला प्लॅस्टिक द्या. तो फरक डोळ्यांना दिसतो, आणि घेणारा तो कबूल करून घेतो. छप्पर नसलेल्या डब्यात बसणाऱ्याला निदान छप्पर नाही हे कळायचं. वर बघितलं की आभाळ. ३००डीच्या मेनूत वर बघितलं तरी आभाळ दिसत नाही. तिथे फक्त ओळ नसते. शिवाय त्याने पैसे देऊन ती वस्तू घरी आणली आहे. आरसा वर ठेवायची क्षमता त्याच्या टेबलावर, त्याच्या मालकीच्या डब्यात पडून आहे, आणि तिची किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे. मालकी ह्या शब्दाचा अर्थ इथून पुढे सैल होत गेला. आज फोनपासून मोटारीपर्यंत हेच चाललं आहे, त्यामुळे आपल्याला त्यात नवल वाटत नाही. पण साध्या घरगुती कॅमेऱ्यात हे इतकं स्वच्छ दिसण्याची ही सुरुवातीची वेळ होती.

आणि छप्पर घातल्याने रेल्वे बुडाली नाही, हेही इतिहासात आहे. जानेवारी २००४मध्ये निकॉनने डी७० जाहीर केला. बॉडीची किंमत ९९९ डॉलर, म्हणजे थोडी जास्तच. पण फ्लॅशचं नियंत्रण होतं, फोकसच्या पद्धती निवडता येत होत्या, आणि बटण फिरवल्याबरोबर कॅमेरा तयार. मग फेब्रुवारी २००५मध्ये कॅननचा ३५०डी आला. त्यात फ्लॅशचं नियंत्रण होतं, फोकसची निवड होती, आरसा वर थांबत होता. जे दीड वर्षापूर्वी देता येत नव्हतं ते धंदा न बुडता देता आलं. ढग हलला तो दयेने नव्हे, शेजारच्याच्या वाऱ्याने.

एक गंमत राहिली. ती १८ ते ५५ची स्वस्त लेन्स, जी कॅमेऱ्यात जास्त आत शिरते असं मी म्हणालो, ती महागड्या १०डीवर बसतच नाही. त्याच्या तोंडाची घडणच तशी नाही. म्हणजे थोरल्याला न जमणारी एक गोष्ट धाकट्याला जमत होती, आणि ही मात्र अस्सल असमर्थता. फर्मवेअर बदलून ती जायची नाही. ह्याला म्हणायचं अन्योन्याभाव. (हशा)

वेळ झाली आहे. एक-दोन प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून प्रश्न : ते बदललेलं फर्मवेअर तुम्ही स्वतः भरलंत का? ते नीतीला धरून आहे का?)

ह्या समोरच्या कॅमेऱ्यात भरलेलं आहे, बघू शकता. नीतीचं म्हणाल तर, मी विकत घेतलेल्या कपाटाचा कप्पा मी उघडला. ते फर्मवेअर विकायला बसलो असतो तर गोष्ट वेगळी. आणि तो ३२०० आयएसओ, खरं सांगायचं तर, फारसा चांगला नाही. ठिपके भरपूर येतात. निर्माता म्हणू शकला असता की दर्जा राखायला आम्ही तो झाकला. पण मग १०डीत का उघडा ठेवलात?

(प्रश्न : आज जुन्या बाजारात हा मिळाला तर घ्यावा का?)

घ्यावा. फोटोग्राफी शिकणाऱ्या मुलीला-मुलाला द्यायला तर जरूर घ्यावा. ५० मिलिमीटरची साधी एफ १.८ची लेन्स लावा, रॉवर ठेवा, प्रकाश जरा कमी घ्या. घेताना आकाशाचा एक फोटो काढून धूळ बघा, आणि जुनी बॅटरी फुगलेली नाही ना ते तपासा. ह्याला कॉम्पॅक्टफ्लॅशचं कार्ड लागतं, त्याचा रीडर आधी मिळवून ठेवा, कारण ह्याच्या वायरीने फोटो कॉम्प्युटरवर उतरवायला बसलात तर चहा दोनदा होईल.